केसरने बघितलेली तीन कॉलेजं

थळच्या बाजारात सध्या एक बातमी मासळीपेक्षा जास्त खपते आहे. बाळाजी घरतांची केसर म्हणे बोर्डात वर आली. मग म्हणे मुंबईचा एक प्रिन्सिपॉल जीपगाडी घेऊन आमच्या आळीत उतरला, घरतांच्या ओटीवर बसला आणि 'तुमची पोरगी आमच्या कॉलेजाला द्या' म्हणून त्याने पदर पसरला. प्रिन्सिपॉलाला पदर कुठून आला, हे कोणी विचारत नाही. सखुबाई कोळीण तर टोपलीवरचा हात न काढता सांगते, "मी माज्या डोल्यांनी बगितली गो जीप. लाल व्हती. मागं बोंबील बांदलेला." बोंबील कशाला बांधला होता असं विचारलं तर म्हणते, "आता मना काय ठावं? मुंबयची रीत आसंल."

जीप आली नाही. यायची कशी? आमच्या आळीचा रस्ता खाडीकाठच्या खाजणाच्या बांधावरून येतो. त्यावरून बैलगाडी नेतानासुद्धा एक माणूस चाकाला हात लावून चालतो. केसर बोर्डात वर आलेली नाही. तिला सत्तेचाळीस टक्के मिळाले. म्हणजे सेकंड क्लास, पण उंबऱ्यावर उभा राहून आत डोकावणारा. आणि तिला बघायला कोणी आलं नाही. आम्ही बघायला गेलो. मी त्यात होते, सगळ्यांचं बोलणं माझ्या कानात अजून जसंच्या तसं आहे, म्हणून जीपवाल्यांच्या आधी मीच सांगून टाकते.

केसर माझी चुलत बहीण. आमची घरं दोन आणि पडवी एक. ती शाळेत गेली तीच मुळी कोणी न पाठवता. तिचा थोरला भाऊ सदादादा तेव्हा मराठी शाळेत होता आणि त्याची भाकरी पोचवायचं काम केसरकडे होतं. एक दिवस भाकरी पोचवून ती मागच्या भिंतीला टेकून बसली ती उठलीच नाही. गुरुजींना वाटलं, नवीन नाव आलं असेल. संध्याकाळी बाळाजीकाका शोधत गेले, तर ही पोरांबरोबर बे चोक आठ म्हणत होती. काकांनी दारातून बघितलं आणि म्हणाले, "बगा काय ते." काका एवढंच बोलतात. लग्न, भांडण, बांध फुटणं, सगळ्याला "बगा काय ते". मी आळीतल्या सगळ्यांच्या नकला करते, पण त्यांची नक्कल करायला आवाजसुद्धा लागत नाही, नुसता श्वास सोडला की काका होतात.

तर केसर बसली ती मॅट्रिकपर्यंत बसली. आमच्या आळीतून अलिबागच्या हायस्कुलात गेलेली ती पहिली मुलगी. हुशार म्हणाल तर नाही. सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकत भूगोल वाचायची आणि कावळे जास्त आले की भूगोल कमी व्हायचा. आमचे हेडमास्तर तिला वर्गासमोर म्हणाले होते, "केसर, तू हुशार आहेस का? नाहीस. मग पास का होतेस? उठत नाहीस म्हणून." ही त्यांची शाबासकी होती.

हेडमास्तर स्वतःच प्रश्न विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात. समोर माणूस नुसता मान हलवायला लागतो. निकाल लागल्यावर केसर आणि मी त्यांच्याकडे पेढे घेऊन गेलो तेव्हा पेढा गालात धरून ते म्हणाले, "पुढे शिकायचं? शिकायचं. सत्तेचाळीस टक्क्यांना मोठं कॉलेज मिळेल? बहुतेक नाही. मग अर्ज किती करायचे? तीन. एक वरचं, एक बरोबरीचं, एक हातचं. वरचं का? नशीब असतं म्हणून. हातचं का? नशीब नसतं म्हणून. एकामागून एक गेलात तर काय होईल? पहिल्याची यादी लागेपर्यंत बाकीच्यांची दारं बंद होतील. म्हणून कसं जायचं? एकदम." आणि त्यांनी तिन्ही कॉलेजांची नावं सांगितली. नावं मी इथे लिहीत नाही. एक दगडी, मोठ्या नावाचं. दुसरं नुसतं मुलींचं, मध्यम, स्वतःचं वसतिगृह असलेलं. तिसरं यंदाच उघडलेलं.

केसर घरी आली, तिने हे सांगितलं आणि तिच्या आईने, आवडाकाकींनी, हातातलं सूप खाली ठेवलं. सूप खाली ठेवलं म्हणजे गोष्ट गंभीर.

"तीन घरी? एकदम?" काकींचा आवाज चढताना आधी खाली जातो, विहिरीत बादली जावी तसा, आणि मग भरून वर येतो. "आमच्या पोरीचा शबुद तीन घरी टाकायचा? लोकां काय म्हन्तील?"

हे बाहेरच्याला समजायचं नाही, म्हणून सांगते. आमच्यात मुलीचं बोलणं एका घरी चालू असलं की दुसऱ्या घराची पायरी चढायची नाही. तिकडून हो किंवा नाही आल्यावरच पुढचं दार. मागे एका घराने दोन ठिकाणी बोलणं लावलं. दोन्हीकडची माणसं एकाच दिवशी सुपारी घेऊन आली आणि एकाच पडवीत एकमेकांना तंबाखू देत बसली. त्या घराला अजून 'दोन सुपाऱ्यांचं घर' म्हणतात, आणि सुपाऱ्या आणणारे कधीच वारले. काकींच्या डोक्यात कॉलेजला अर्ज म्हणजे मुलीचा शब्द टाकणं. एका जागी टाकायचा, थांबायचं.

"पयलं त्या मोट्याला इचारा," काकी म्हणाल्या. "त्यानं नाय म्हटलं का मग दुसरं."

"आये, तवर दुसरं बंद होतंय."

"मग र्‍हायलं. पुडल्या साली."

पुढल्या साली म्हणजे कधीच नाही, हे केसरला कळत होतं, मलाही कळत होतं. वर्षभर घरात बसलेल्या मुलीला भाताची लावणी येते, मीठ भरायला जाता येतं, धाकट्यांना न्हाऊ घालता येतं. मग तिच्यावाचून घराचं अडायला लागतं आणि कोणी तिला सोडत नाही. कोणी वाईट नसतं त्यात. नुसतं राहून जातं. आमच्या स्वतःच्या आत्याचं तसंच झालं, तिचं सातवीचं पुस्तक अजून माळ्यावर आहे.

केसर भांडली नाही. भांडायला लागली असती तर हरली असती, कारण काकींशी भांडून आमच्या आळीत कोणी जिंकलेलं नाही. ती दोन दिवस गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी आगरदांड्याहून तुळशीराममामा आले, भाचीच्या निकालाचं कौतुक करायला.

तुळशीराममामा म्हणजे काकींचे थोरले भाऊ. पाऊस असो, ऊन असो, अंगात काळा कोट. काखेत छत्री. जिल्ह्यातल्या निम्म्या सोयरिकी त्यांनी जुळवलेल्या. बोलायची सुरुवात एकच, "आपला अनुभव आसा हाय..." आणि मग अनुभव संपेपर्यंत समोरच्याचा भात गार. पण मामांचं एक दुखणं होतं. त्यांना मुली तीन आणि मुलगा नाही. स्वतःच्या घरच्या प्रत्येक कार्यात ते हात जोडून उभे राहिलेले. आयुष्यात एकदाच ते पोराकडचे झाले होते, आमच्या सदादादाच्या लग्नात. ती चव त्यांच्या जिभेवरून गेली नव्हती.

केसरने नेमकं तिथेच बोट ठेवलं. पडवीत सगळे जेवायला बसलेले. तिने मामांना कालवण वाढलं आणि अगदी सहज विचारलं,

"मामा, आमच्या दादाला पोरी कितीक बगितल्या होत्या?"

"अकरा!" मामांनी घास खाली ठेवला. "बारावी पसंत."

"एकीला नाय म्हनायच्या आदी दुसरी बगितली का?"

"आगो, एका दिसात तीन बगितल्या! सकाली एक, दुपारी एक, दिवं लावताना एक. तीन ठिकानी पोहे खाल्ले. तिसर्‍या ठिकानी तर पोट फुटाला आलं, तरी खाल्ले. मान र्‍हावा म्हनून."

"मग आपल्याला कोनी नावं ठेवली?"

"आपल्याला कोन नावं ठेवील?" मामा हसले. "आपन पोराकडचं!"

"मग हितं बी आपन पोराकडचंच," केसर म्हणाली.

सगळ्यांचे हात ताटात थांबले.

"जायचं कोनाला हाय? मना. पसंत कोनी करायचं? आपन. त्यांना दर साली पोरी लागतात, नाय आल्या तर बाकं रिकामी. गरज त्यांना बी हाय. मग आपन कशाला हात जोडायचं? आपन बगाला जाव. घर बगू, मानसं बगू, आनि 'कलवतो' म्हनून येव."

'कलवतो' हा शब्द ऐकल्यावर मामांच्या चेहऱ्यावर जे झालं ते मला अजून करून दाखवता येत नाही. आधी भुवया वर गेल्या, मग मिशी, मग सगळे मामाच थोडे वर गेले, बसल्या जागी.

"आवडे," ते काकींना म्हणाले, "पोर बरोबर बोलते. आपला अनुभव आसा हाय..."

"आनि नवरी कोन?" काकी तडकल्या. "ती दगडी इमारत?"

"व्हय," केसर म्हणाली.

"पोहे करता येतात काय तिला?"

मला हसू आवरेना, मी तोंडात भात कोंबला. काकी पण हसल्या, आणि काकी हसल्या म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं काकांनी केलं. पाणी पिऊन भांडं खाली ठेवताना म्हणाले, "बगा काय ते."

केसर, काकी आणि मामा असे तिघं निघणार होते, पण बघायला तिघांनी जात नाहीत. म्हणून चौथी मी. पहाटेच्या एसटीने रेवस, रेवसहून पहिल्या लाँचने भाऊचा धक्का. मामांनी निघताना नारळ घेतला होता. केसरने तो काढून परत देवळीत ठेवला. "नारल ते देतील मामा. आपन पोराकडचं." मामांना इतकं पटलं की लाँचवर ते ओळखी नसलेल्या माणसाला सांगत होते, "भाचीसाठी बगाला निघालोय. तीन हायत." तो माणूस म्हणाला, "एका मुलीला तीन?" मामा म्हणाले, "मग? जरा बगून घ्याला नको?" सखुबाईच्या जीपचं मूळ इथे कुठेतरी असावं.

दगडी कॉलेजात आम्हाला कोणी बसा म्हटलं नाही. खिडकीच्या आत एक कारकून होता. तो माणसाकडे न बघता बोलायचा आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी नाकातून 'ह्म्फ' करायचा. "टक्के? ह्म्फ. सत्तेचाळीस? ह्म्फ. इथं साठवाले रांगेत आहेत. ह्म्फ."

मामा खिडकीवर ओणवे झाले. "पानी मिलंल का?"

"नळ मागं आहे. ह्म्फ."

बाहेर आल्यावर मामांनी निकाल दिला. "पानी इचारलं न्हाय. हितं नको."

"अर्ज टाकून आले मी," केसर म्हणाली. "नाय म्हनायचं तर त्यांना म्हनू दे. आपल्या बाजूनं कशाला तोडायचं?"

ट्राम पकडून आम्ही दुसरीकडे गेलो, त्या नुसत्या मुलींच्या कॉलेजात. तिथल्या प्रिन्सिपॉलबाई इतक्या हळू बोलतात की समोरच्याला पुढे वाकावंच लागतं. मामा वाकता वाकता खुर्चीच्या टोकाला आले. बाईंनी केसरची गुणपत्रिका बघितली, चष्मा काढला.

"गणितात काय झालं?"

"मला जेवढं येत होतं तेवढंच मिळालं," केसर म्हणाली.

बाईंनी चष्मा पुन्हा घातला आणि तिच्याकडे नीट बघितलं. "आणि मराठीत इतके चांगले?"

"तेसुद्धा येत होतं तेवढंच."

मामांना वाटलं आता आपली पाळी. घसा साफ करून त्यांनी विचारलं, "बाय, आपला अनुभव आसा हाय का घरात आदीच्या सुना कशा नांदल्या ते इचारावं. मागल्या साली तुमच्यात बाहेरगावच्या पोरी किती आयल्या? आनि त्यातल्या पास किती झाल्या?"

मी डोळे मिटून घेतले. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, आणि किती जणी सोडून गेल्या तेही सांगितलं. "हा प्रश्न मला अजून कोणत्याच पालकांनी विचारला नव्हता," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या की मार्क चालतील, अडचण खाटांची आहे. बाहेरगावच्या मुलीला वसतिगृहात खाट असेल तरच प्रवेश, आणि खाटा भरत आल्या आहेत. यादी लागेल तेव्हा कळेल. आमचा सदादादा मुंबईतच गिरणीत आहे, पण त्याच्या खोलीत आठ पुरुष. वहिनीसुद्धा गावीच असते. तिथे केसरने कुठे राहायचं?

वसतिगृह दाखवायला मेट्रन आल्या. पांढरं पातळ, कमरेवर दोन्ही हात, आणि प्रत्येक वाक्य 'आमच्याकडे' पासून. "आमच्याकडे आठला दार बंद. आमच्याकडे कपडे आपले आपण. आमच्याकडे दिवा दहाला जातो." काकींनी खाटेवर बसून बघितलं, न्हाणीच्या दाराची कडी लावून बघितली, स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ चिमटीत घेऊन बघितला. मेट्रन मागून बघत होत्या. मग काकींनी विचारलं, "आनि मासली?"

"आमच्याकडे मासळी नाही."

"आज न्हाय?"

"कधीच नाही."

काकींचा आवाज विहिरीत गेला. "आनि पोर आजारी पडली तर?"

"तर पेज."

काकी आणि मेट्रन एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, मोडलं. इथेच मोडलं. केसर मधे आली. "आये, सुट्टीत घरी येईन ना. तवा वर्साची खाईन." काकींनी मान हलवली खरी, पण जिना उतरेपर्यंत त्या "कवाच न्हाय म्हनते, कवाच न्हाय" असं पुटपुटत होत्या.

तिसरं कॉलेज एका शाळेच्या माडीवर होतं. तिथले प्रिन्सिपॉल स्वतःच बाकं सरकवत होते. हाताला खडू, कपाळाला खडू. आम्हाला बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी एकदम चार खुर्च्या आणल्या, दोन दोन्ही हातांत आणि दोन गळ्यात. चहा आला, खारी आली. "या या या! सत्तेचाळीस? वा वा वा! उत्तम उत्तम!" सगळं तीनदा. "प्रवेश झाला समजा, समजा, समजा!"

मामा खारी खात होते, पण डोळे बारीक झालेले. मला कानात म्हणाले, "होकार लई लवकर आला. कायतरी खोट हाय." चहा संपल्यावर ते समोरच्या शिंप्याकडे जाऊन बसले. बघायला गेलं की समोरच्या दुकानात चौकशी करायची, ही त्यांची पद्धत. परत आले ते खबर घेऊन: माणूस देवासारखा, पण पुस्तकं अजून यायची आहेत, वसतिगृह नाही, लांबच्या मुलींची सोय ओळखीच्या घरांत करून देतात.

"शनिवारपर्यंत कळवतो," केसर प्रिन्सिपॉलांना म्हणाली.

"शनिवारपर्यंत तुमची जागा ठेवली, ठेवली, ठेवली!"

परतीच्या लाँचवर वारा सुटला, शिंतोडे आले, आणि माझ्या लक्षात आलं की मामांच्या काखेत काही नाही.

"मामा, छत्री?"

मामांनी समुद्राकडे बघितलं. "विसरलो वाटतं. त्या बायांच्या हितं."

काकी हसल्या. "आगो, दादा बर्‍या घरी कायम छत्री विसरतो. परत जायाला निमित्त नको?"

मंगळवारी दगडी कॉलेजची यादी लागली. सदादादा गिरणीतून सुटून बघून आला आणि त्याने लाँचवरच्या मोरू खलाशाबरोबर निरोप पाठवला. मोरूचा आवाज भोंग्यासारखा. कानात सांगितलेलं बांधापलीकडे ऐकू जातं. "घरतानू! पयल्यानं मोडलं!" मुक्कामाला राहिलेले मामा चिडले. "त्यांनी मोडलं? आपल्याला? पोराकडच्यांना?" केसरला वाईट वाटलं. रात्री ती जेवली नाही नीट. मग म्हणाली, "एक झालं. दोन हायत."

बुधवार गेला. गुरुवार गेला. दुसऱ्याकडून काही नाही. काकी म्हणाल्या, हातचं आहे ते घे, शनिवार आला. आणि त्यांचंही खोटं नव्हतं. शनिवारी तिसरं कॉलेज गेलं आणि दुसरं मिळालंच नाही, तर केसर लावणीला उभी, आणि मग राहून गेलं ते गेलंच. घ्यावं तरी पंचाईत: ओळखीच्या घरात म्हणजे कोणाच्या? काका त्याला 'बगा काय ते'सुद्धा म्हणाले नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी केसर मामांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "मामा, पाऊस लई पडतो. तुमची छत्री आनाला जाव."

शुक्रवारी आम्ही पुन्हा चौघं. मेट्रन दारातच भेटल्या. कमरेवर हात. "आमच्याकडे विसरलेल्या वस्तू जपून ठेवतात," म्हणाल्या आणि छत्री आणून दिली. नीट गुंडाळून, दोरीने बांधून. आता निमित्त संपलं होतं. मामा छत्री हातात घेऊन उभे, काकी पायरीवर, मी त्यांच्या मागे. पोराकडचे असले तरी 'आमचं काय ठरलं' असं विचारायचं नसतं, ते कमीपणाचं.

केसरने विचारलं. सरळ.

"बाई आहेत का? मला भेटायचं आहे."

प्रिन्सिपॉलबाईंच्या टेबलावर यादी अर्धी लिहिलेली होती. त्यांनी चष्मा काढला. "तू उद्यापर्यंत थांबायला हवं होतंस."

"उद्या मला दुसरीकडे कळवायचं आहे. तिथे जागा मिळाली आहे."

"मग इथे का आलीस?"

केसरने थोडा विचार केला. ती उत्तराआधी नेहमी थांबते, त्यात परीक्षेचा वेळ फार जायचा. "तिथले सर फार चांगले आहेत," ती म्हणाली. "पण त्यांनी लगेच हो म्हटलं. तुम्ही विचारलंत, गणितात काय झालं. मला असं विचारणाऱ्या माणसांत शिकायचं आहे."

बाईंनी चष्मा पुन्हा घातला. त्यांनी घंटी वाजवली. मेट्रन आल्या. बाईंनी विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण मेट्रनचं उत्तर अख्ख्या मजल्याला आलं. "आमच्याकडे आज सकाळीच एक खाट मोकळी झाली. सोलापूरची मुलगी येत नाही म्हणाली. पण ती स्वयंपाकघराला लागून आहे. पहाटे चारपासून भांड्यांचा आवाज. ती कोणाला नको असते."

"मला हवी," केसर म्हणाली. "आमच्या घरी चारला उठतात."

बाईंनी टाक उचलला आणि यादीत नाव लिहिलं. केसर बाळाजी घरत. मी उलट्या बाजूने वाचलं, तरी नीट वाचलं. मामांनी आयुष्यातलं सगळं वरपण विसरून दोन्ही हात जोडले. केसरने त्यांच्याकडे बघितल्यावर त्यातला एक हात पटकन खिशात घातला. काकी मेट्रनकडे गेल्या. "बाय, पोर तुमच्या पदरात. मासली नाय तर नाय. पन पेज जरा घट्ट द्या." आणि मेट्रन, कमरेवरचे हात काढून, म्हणाल्या, "आमच्याकडे पेज घट्टच असते." दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं. मी बघितलं.

रस्त्यावर आल्यावर मामांनी उन्हातच छत्री उघडली आणि डोक्यावर धरून चालायला लागले. नवरदेवावर धरतात तशी ती त्यांनी केसरच्या डोक्यावर नेली. ट्रामच्या थांब्यापर्यंत ती तशीच चालली, मुंबईच्या भर रस्त्यात, आणि लोक वळून बघत होते.

मग काकींना आठवलं. "आनि त्या तिसर्‍याचं? त्यानं चहा पाजला, जागा ठेवली. नुसतं नाय जायाचं बरं न्हाय. रीतीनं नाय म्हना. पत्रिका जुलत नाय म्हनून सांगा."

आमच्यात नकार असाच देतात. मुलगी काळी, घर गरीब, असं कधी बोलत नाहीत. पत्रिका जुळली नाही म्हटलं की दोन्ही बाजूंचा मान राहतो. पण हे कॉलेजच्या प्रिन्सिपॉलला तोंडावर? मी केसरला म्हटलं, तू तिथे जाऊन 'सर, माफ करा' म्हणून पळून येशील. ती म्हणाली, आये सांगते तसंच सांगीन. मी म्हटलं, पैज. ती म्हणाली, काय लावतेस? मी उत्साहाच्या भरात म्हटलं, तू सांगितलंस तर दिवाळीपर्यंत मी कोणाची म्हणजे कोणाची नक्कल करणार नाही. तोंड बंद.

आम्ही माडी चढून गेलो. प्रिन्सिपॉल फळा पुसत होते. "या या या!"

केसर पुढे झाली. अगदी मामांसारखी, पाय जोडून, मान थोडी तिरपी. "सर, आमच्या घरच्यांनी सगळं बघितलं. तुमच्याकडचा पाहुणचार आम्ही विसरणार नाही. पण पत्रिका जुळत नाही."

प्रिन्सिपॉलांच्या हातातलं फडकं थांबलं. त्यांनी एकदा केसरकडे बघितलं, एकदा काकींच्या पदराकडे, एकदा मामांच्या कोटाकडे. मला वाटलं, आता रागावतात. त्यांनी फडकं टेबलावर ठेवलं, दोन्ही हात जोडले आणि खांदे पाडून, अगदी मुलीच्या बापाच्या आवाजात म्हणाले, "काही हरकत नाही, नाही, नाही. योग नव्हता. पण आमची धाकटी आहे. पुढच्या वर्षी सायन्सची बाजू उघडतोय. घरात कोणी असेल तर बघून जा."

मामांचं हसणं खालच्या शिंप्यापर्यंत गेलं. "कलवतो!" ते म्हणाले. "कलवतो!"

परतीच्या लाँचवर मोरू खलाशी भोंग्यासारखा ओरडला, "काय झालं गो, जमलं का?" आणि माझ्या घशापर्यंत त्याचाच आवाज आला होता. केसरने माझ्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी गिळला. दिवाळी अजून फार लांब आहे. लिहिण्याबद्दल मात्र पैजेत काही ठरलेलं नव्हतं.